कितीपैकी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनौ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही कोणत्या विषयावर बोलणार, अशी पृच्छा कार्यवाहांनी केली, तेव्हा संतवाङ्मय, नाट्यसंगीत, निदान पेशवाई अशा एखाद्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यता आणि संख्याशास्त्र कसे शिकवावे, हा विषय आम्ही सांगितला. क्षणभर स्तब्ध राहून त्यांनी विचारले, "श्रोते येतील का हो?" आम्ही म्हणालो, "हाच तर आमचा विषय!" आज सभागृहात बसायला जागा उरलेली नाही. तथापि याचे श्रेय विषयाला न देता व्याख्यानानंतरच्या पुरणपोळीला द्यावे, इतका विवेक आम्हांस संख्याशास्त्रानेच दिलेला आहे.

आम्ही गणिताचे पंडित नव्हे. आमची पदवी बी. ए. ची. अर्थशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्राची एक प्रश्नपत्रिका होती, तेवढीच आमची शिदोरी. पुढे केंद्र सरकारच्या सेवेत पाहण्या, तक्ते आणि नमुने यांच्या सहवासात आयुष्याची तीस वर्षे गेली. या शहरात बदलून आल्यावर मंडळाच्या ग्रंथालयात रविवारी सकाळी वरच्या वर्गांतील मुले आमच्याकडे हा भाग शिकायला येऊ लागली. त्यांना शिकवताना जे उमगले, ते आज आपणांसमोर ठेवावयाचे आहे.

प्रथम या प्रकरणाची शाळेतील अवस्था पाहू. सीबीएसईच्या २०२३-२४ च्या अभ्यासक्रमात बारावीच्या गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि त्यात संभाव्यतेच्या वाट्याला ८ गुण. पुस्तकात हे प्रकरण अगदी शेवटी येते. तिथवर पोहोचेपर्यंत थंडी सरलेली असते, सराव परीक्षा डोक्यावर आलेल्या असतात. साहजिकच शिक्षक सूत्रे फळ्यावर लिहून देतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. अनुकूल घटनांची संख्या अंशस्थानी, एकूण घटनांची संख्या छेदस्थानी, झाली संभाव्यता! मुलांचे सारे लक्ष अंशाकडे असते, छेद ती गृहीत धरतात. आमचे सांगणे एवढेच की, या शास्त्राचे सारे मर्म छेदात आहे. म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवशी सूत्र नसते, एक प्रश्न असतो: कितीपैकी?

हा प्रश्न किती उपयोगी आहे, हे पालकांनाही लगेच पटेल. एखाद्या शिकवणी वर्गाची पानभर जाहिरात वर्तमानपत्रात येते. आमचे चाळीस विद्यार्थी अभियांत्रिकीला निवडले गेले, असे ती सांगते आणि चाळीस हसरी छायाचित्रे छापते. कितीपैकी चाळीस? पन्नासांपैकी असतील तर पायधूळ झाडावी. चार हजारांपैकी असतील तर शंभरांतून एक, आणि तो बहुधा कोठेही शिकला असता तरी निवडला गेलाच असता. छेद छापलेला नसतो. मुलाच्या शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्यापूर्वी बापाने तो विचारावा की नाही?

आमची शिकवण्याची रीत साधी आहे. आधी प्रत्येकाने आपला अंदाज पेन्सिलीने वहीत लिहायचा, मग प्रत्यक्ष करून पाहायचे, मग मोजायचे आणि सूत्र सर्वांत शेवटी. अंदाज लिहिण्याचा आग्रह अशासाठी की, न लिहिलेला अंदाज उत्तर कळताच सोयीस्करपणे बदलतो. 'अंदाजपंचे दाहोदरसे' ही आपली म्हण टवाळीची खरी, परंतु लिहून ठेवलेला आणि पडताळून पाहिलेला अंदाज हीच शास्त्राची पहिली पायरी होय.

एका रविवारी अर्ध्या मुलांना आम्ही घरी नाणे शंभर वेळा उडवून छापा-काटा क्रमाने लिहून आणायला सांगतो. उरलेल्या अर्ध्यांनी नाणे न उडवता मनानेच शंभर निकाल लिहायचे असतात. वह्या एकत्र केल्या की खऱ्या कोणत्या आणि मनच्या कोणत्या, हे आम्ही बहुधा ओळखतो आणि मुले चकित होतात. यात जादू काही नाही. मनाने लिहिणारा सलग चार छापे लिहिले की बिचकतो आणि काटा लिहून टाकतो. खरे नाणे असे बिचकत नाही. शंभर फेकींत एकच बाजू सलग पाच किंवा अधिक वेळा येण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ९७ आहे. नाण्याला स्मरण नसते, स्मरण आपल्याला असते.

मंडळी, हा केवळ वर्गातला खेळ नव्हे. 'तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच', हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकले आहे. शिकल्यासवरल्या घरांतही ऐकले आहे. या एका वाक्यापायी किती स्त्रियांच्या प्रकृतीची हेळसांड झाली असेल! निसर्गालाही मागचे हिशेब चुकते करण्याचे बंधन नाही. चौथ्या खेपेसही मुलगा होण्याची शक्यता निम्म्याच्याच आसपास असते. आमच्या वर्गातील एका मुलीने हा नाण्याचा धडा आपल्या आजीला समजावून सांगितला. आजीला तो पटला की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु नातीला तो सांगावासा वाटला यातच आमची फी वसूल झाली.

दुसरा धडा कॅरमचा. दोन मित्र ६४ गोळ्या मध्ये ठेवून खेळू लागले. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व घ्यायच्या. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि इतक्यात वीज गेली. गोळ्या कशा वाटाव्यात? दोघे सारख्या तोलाचे खेळाडू आहेत असे धरा. बहुतेक मुले दोनास एक असे प्रमाण सांगतात, कारण झालेल्या डावांवर त्यांचे लक्ष असते. आता पुढे पाहा. आणखी दोन डाव खेळले तर निकाल निश्चित लागतो. त्या दोन डावांचे चार प्रकार संभवतात. त्यांतील तीन प्रकारांत पहिला जिंकतो आणि दोन्ही डाव दुसऱ्याने मारले तरच दुसरा जिंकतो. म्हणून वाटणी ४८ आणि १६. छेद तीन नव्हे, चार. अर्ध्यावर मोडलेल्या खेळाच्या वाटणीचा हा प्रश्न १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आला आणि तिथूनच या शास्त्राची पद्धतशीर मांडणी सुरू झाली असे मानतात.

येथे मुले एक चांगली शंका काढतात. नाण्याच्या दोन बाजू सारख्या, फाशाच्या सहा बाजू सारख्या, पण जगात सारे थोडेच असे रेखीव असते? अशा वेळी आम्ही कवड्या बाहेर काढतो. कवडी उताणी पडेल की पालथी? शक्यता दोनच आहेत, म्हणून निम्मे-निम्मे म्हणावे काय? मुळीच नाही. कवडीचे पोट वेगळे, पाठ वेगळी. येथे डोके खाजवून भागत नाही, दोनशे वेळा टाकून मोजावेच लागते. चिंचोका मधोमध फोडून टाकला तरी तेच. आपल्या आज्या पटावर बसून नकळत हेच प्रयोग करीत असत.

या ठिकाणी परप्रांतात राहण्याचा एक लाभही पदरी पडतो. आपण ज्यास मराठीत संभाव्यता म्हणतो, त्यास येथील हिंदी पाठ्यपुस्तकात प्रायिकता म्हणतात. संभाव्यता हा शब्द 'संभव' पासून आला. काय काय घडू शकते, याची मोजदाद तो सुचवतो. प्रायिकता हा शब्द 'प्रायः' पासून आला. बहुतकरून काय घडते, हे तो सुचवतो. नाण्याला पहिली दृष्टी पुरते, कवडीला दुसरीच लागते. आमची मुले दोन्ही शब्द जाणतात, म्हणून या शास्त्राच्या दोन्ही बाजू त्यांना सहज समजतात. दोन भाषांत वाढणारी मुले मागे पडतात, असे ज्यांस वाटते त्यांनी याचा विचार करावा.

फाशांचा विषय निघाला आहे तर या भूमीशी आणि आपल्या भूमीशी एकदमच नाते सांगणारी एक कथा आठवावी. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपण जाणता. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि दोघे रथातून विदर्भाकडे निघतात. म्हणजे अवधाहून निघून विदर्भास जाण्याचा हा प्रवास! वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत, असे राजा नुसत्या नजरेने सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून झाड तोडतो, फळे मोजतो आणि संख्या बरोबर निघते. राजा सांगतो की, आपण अक्षविद्येचे म्हणजे फाशांच्या विद्येचे जाणकार आहोत आणि संख्येतही निपुण आहोत. नल अश्वविद्या देऊन ती विद्या घेतो आणि ती मिळताक्षणी त्याच्या देहातला कली बाहेर पडतो. व्यासांनी मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाच्या ठायी ठेवली, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. सांगणाऱ्यावर विश्वास न ठेवता रथ थांबवून मोजणारा नल आम्हांस तितकाच आवडतो. विद्यार्थी असावा तर असा!

कली आजही आहे. त्याचा मुक्काम आता हातातल्या दूरध्वनीत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, तो करावा लागला यावरूनच रोग किती पसरला होता हे दिसते. जिंकणाऱ्याचे छायाचित्र सर्वांना दिसत असे, हरलेले मात्र छेदात गाडलेले असत. कायदा दार बंद करतो. परंतु 'कितीपैकी?' हा प्रश्न मनात रुजला नसेल तर मुलगा दुसरे दार शोधतोच.

आता बारावीत ज्याची सर्वांना धास्ती असते, त्या सशर्त संभाव्यतेकडे आणि बेजच्या प्रमेयाकडे वळू. सूत्र लांबलचक आहे. आम्ही ते बाजूस ठेवतो आणि माणसे मोजतो. एका गावात हजार माणसे आहेत, त्यांपैकी दहांना एक आजार आहे, असे समजा. तपासणी आजारी माणसांपैकी शेकडा ९० जणांना बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी शेकडा १० जणांना चुकून आजारी ठरवते. सरसकट सर्वांची तपासणी केली. दहा आजाऱ्यांपैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जण विनाकारण आजारी ठरले. म्हणजे अहवालात दोष दाखवलेली माणसे १०८ आणि त्यांपैकी खरोखर आजारी ९, बारांतून एक! तपासणी शेकडा ९० बरोबर, तरी अहवाल शेकडा ९० खरा नव्हे. का? कारण छेद बदलला. आजाऱ्यांपैकी किती पकडले जातात हा एक प्रश्न आणि पकडलेल्यांपैकी किती आजारी असतात हा सर्वस्वी दुसरा.

आपल्याच एका सभासदांच्या घरी मागील वर्षी असा एक अहवाल आला. सर्वसाधारण तपासणीतला, कोणतीही लक्षणे नसताना आलेला. घरात रडारड झाली, गावाकडून भावंडे निघायच्या तयारीला लागली. त्यांची बारावीतली कन्या वही घेऊन बसली आणि तिने वडिलांना हीच चौकट आखून दाखवली. "बाबा, हा निकाल नव्हे, ही पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे," असे ती म्हणाली. दुसरी, अधिक काटेकोर तपासणी झाली आणि ती निर्दोष निघाली. हे ऐकून कोणी तपासणीस टाळाटाळ करू नये. लक्षणे असतील तर छेद पुन्हा बदलतो आणि अहवालाचे वजन वाढते. शिवाय दुसऱ्या तपासणीत दोष आढळला असता तरी त्या मुलीचा हिशेब बरोबरच ठरला असता. मुद्दा एवढाच की, चार दिवसांची ती भयाण वाट त्या घराने डोळे उघडे ठेवून चालली. आठ गुणांच्या प्रकरणाची खरी किंमत ती होती.

संभाव्यतेकडून संख्याशास्त्राकडे जाण्याचा पूल आपल्या स्वयंपाकघरातच आहे. 'शितावरून भाताची परीक्षा' हे नमुना पाहणीचे सूत्र होय. परंतु ही परीक्षा खरी का ठरते, हे गृहिणीस विचारावे. भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातील मसालेभाताची परीक्षा वरच्या शितावरून करा, तळाला काय लागले आहे ते कळणार नाही. नमुना किती मोठा, याहूनही तो कोठून आणि कसा उचलला, हे महत्त्वाचे. म्हणून निवड आपल्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यादृच्छिक रीतीने करावयाची.

या शास्त्राची आपल्या देशात पायाभरणी करणाऱ्यांत प्रशांतचंद्र महालनोबीस अग्रगण्य. त्यांनी १९३१ साली कोलकात्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि त्यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्याशी एका प्रश्नावर तात्त्विक वाद घालणारा संशोधक मराठी होता, हे आमच्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले. प्रश्न असा होता: शेतातील उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी लहानसा तुकडा कापून तोलतात, तो किती लहान असावा? महालनोबीसांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण त्याच श्रमात अधिक ठिकाणी पोहोचता येते. सुखात्म्यांनी १९४६-४७ च्या सुमारास दाखवून दिले की, तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसते. कारण अगदी साधे, मानवी आहे. कापणाऱ्याचा हात रेषेवरचे रोप आत ओढतो. एक मीटर चौरसात प्रत्येक चौरस मीटरला चार मीटर कड येते, तर पाच मीटर चौरसात ती एक मीटरहूनही कमी पडते. जेवढी कड अधिक तेवढा मोह अधिक.

ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या पीक विमा योजनेत भरपाई ठरवताना अशाच पीक-कापणी प्रयोगांचा आधार घेतला गेला. उत्पन्न कागदावर फुगले तर शेतकऱ्याची भरपाई आटते. रेषेवरचे एक रोप कोणाच्या तरी घरची वर्षाची बेगमी ठरवते. हे ऐकल्यावर प्रमाण विचलनाचे गणित करताना मुलांची बसण्याची ढब बदलते, हे आम्ही पाहिले आहे.

यंदाच्या वर्षी आम्ही मुलांकडून एक पाहणी करवली. प्रश्न मंडळाचाच होता: आपल्या घरांतील मुले आपसांत मराठी बोलतात का? प्रथम ही पाहणी गणेशोत्सवात, मांडवात आलेल्या मुलांना विचारून झाली. उत्तरे फार आनंददायक आली. मग एका मुलाने हळूच विचारले, "काका, जे आले त्यांनाच आपण विचारले, नाही का?" पुढल्या खेपेस सभासदांच्या नोंदवहीतून चिठ्ठ्या काढून घरे निवडली आणि मुले त्या घरी गेली. दोन्ही उत्तरांत जे अंतर पडले ते पाहून मुले गप्प झाली. तो तक्ता कार्यकारिणीच्या हाती दिला आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून तळटीपेत लिहिली: जी मराठी घरे कधी सभासदच झाली नाहीत, ती या नोंदवहीतही नाहीत.

मंडळी, पन्नास वर्षांच्या उत्सवात अशी तळटीप कोणास कडू वाटेल. आम्हांस ती या वर्षातील सर्वांत मोलाची देणगी वाटते. उत्सवात जमलेल्यांकडे पाहून आपण धन्यता मानतो, ती मानावीच. परंतु न आलेल्यांची आठवण छेद करून देतो. ज्या शास्त्रामुळे सतरा वर्षांच्या मुलाला गैरहजर माणसे दिसू लागतात, ते शास्त्र रुक्ष म्हणावे काय?

म्हणून पालकांस विनंती की, हे प्रकरण शेवटचे म्हणून सोडून देऊ नये. घरात कवड्या असतील तर त्या मुलांच्या हाती द्याव्यात. वर्तमानपत्रातला आकडा मोठ्याने वाचला तर पाठोपाठ 'कितीपैकी?' असे मुलांनी विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी त्याचा राग मानू नये. मंडळासही विनंती की, रविवारचा हा वर्ग एका माणसाच्या नोकरीवर अवलंबून राहू नये. आमच्या बदलीची संभाव्यता दरवर्षी असतेच आणि ती नगण्य नाही. आज शिकून गेलेल्या मुलांपैकी दोघांनी पुढील वर्षी धाकट्यांना शिकवण्याचे कबूल केले आहे. त्यांना किल्ली, फळा आणि तुमचा विश्वास, एवढेच हवे आहे.

 पुरणपोळी निवण्यापूर्वी आम्ही आपली रजा घेतो.